टाके घातलेलं इंजिन

उस्ताद, घाटनांदूरच्या मालकांची ती लाल गाडी परत माझ्याकडं आली आहे. दोनच माणसांची, वरून उघडी, पुढं लांबलचक बॉनेट आणि मागं पिशवी ठेवायलाही जागा नाही अशी. तुम्ही तिला ‘नवाबाची घोडी’ म्हणायचात, कारण मालकांच्या वडिलांनी ती हैदराबादेत कुणा नवाबाच्या लिलावात घेतली होती. पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. ट्रकवर दोरखंडानं बांधून ती चौसाळ्याला माझ्या गॅरेजसमोर उतरली. चारी टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला, रंग उन्हानं विटून विटेसारखा झालेला. मी ती लांबूनच ओळखली आणि सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की आत जावं आणि मिस्तरी गावाला गेलेत म्हणून सांगायला लावावं.

ट्रकच्या मागं एक साधी गाडी थांबली आणि तीतून मालकांची मुलगी उतरली. ती आता अंबाजोगाईत बायकांची डॉक्टर आहे, पन्नाशीची, केस पांढरे होऊ दिलेले. मालक गेल्या वर्षी वारले. भावांनी जमीन वाटून घेतली, तिनं फक्त ही गाडी मागितली आणि भाऊ हसले, असं तिनं स्वतःच सांगितलं. मला तिनं ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. त्या घरी मी गेलो तेव्हा तुमच्यामागं पिशवी घेऊन उभा असायचो. ती म्हणाली, “भाऊ, मला ही पूजेला ठेवायची न्हाई, चालवायचीय. आठवड्यातून दोनदा मी घाटनांदूरला दवाखान्यात बसायला जाते. जाऊन-येऊन कुरकुर न करता चालली पाहिजे. इंजिन कुठलंबी बसवा, मला कळत न्हाई त्यातलं.” मग बॉनेटवर हात ठेवून ती पुढं म्हणाली, “आधी अंबाजोगाईचे एक मुसलमान मिस्तरी हिला बघायचे. त्यांनी इंजिन फोडलं, तेव्हापासून हिचं मनच गेलं.” मी ‘बघतो’ एवढंच म्हणालो.

तो आठवडा मी गाडीला हात लावला नाही. शिरूर कासारच्या मुकादमांच्या पिकअप दसऱ्याआधी तयार पाहिजेत, टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत, हे निमित्त होतंच. पण ब्रेक बांधताना माझं लक्ष त्या कोपऱ्याकडं जायचं. एका पिकअपच्या चाकाचे नट मी दोनदा आवळले आणि एका चाकाचे विसरलो. गिऱ्हाइकानं दाखवून दिलं तेव्हा त्याच्यावरच खेकसलो. शेवटी एका सकाळी चेनपुलीला इंजिन टांगलं, खाली उतरवलं आणि धुराड्याच्या बाजूचा भाग काढून जुना रंग खरवडायला घेतला. तुम्ही रंग नीट दोन हात दिला होता. त्याच्याखालून तुमचे टाके बाहेर आले, एकाला एक खेटून, ज्वारीच्या दाण्याएवढे. बोट फिरवलं तर कुठं अडकत नाही. मी मोजले. एक्केचाळीस.

ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. त्यावरून तुमचा ठरलेला विनोद होता, नवीन गिऱ्हाईक आलं की व्हायचाच: “बीडाला टाका घालनारा अख्ख्या बीडात मी एकलाच हाय.” गिऱ्हाईक हसायचं, मी हसायचो नाही. मला तेव्हा ते सगळं गावठी वाटायचं. माझ्याकडं डिप्लोमा होता. नोकरी मिळत नाही म्हणून ‘थोडे दिवस’ तुमच्याकडं आलो होतो आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला इंजिनाचे चार ठोके चित्र काढून समजावून सांगितले होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “बराबर हाय. आता ह्या ट्रॅक्टरला इचार त्याला हे ठावं हाय का.” दुपारी दुकानामागच्या तुमच्या घरात चाचींच्या स्वयंपाकघरात आपण जेवायला बसायचो. चुलीशेजारी उकिडवं बसून त्या भाकरी थापायच्या आणि ताटात अंबाडीची भाजी पडायची, वर लसणाची फोडणी. पहिले काही दिवस मी घरून डबा आणायचो. का ते तुम्हाला कळत होतं. चाचीच एक दिवस म्हणाल्या, “डब्यातलं गार झालं असंल, हे गरम हाय,” आणि माझ्यापुढं ताट सरकवलं. त्यानंतर मी डबा आणला नाही. घरी मात्र खानावळीत जेवतो म्हणून सांगत राहिलो.

आता तो दिवस. लिहायला बसलोय तर तो लिहिलाच पाहिजे, नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही.

गाडीचं काम झालेलं आहे. तुम्ही परळीला सामान आणायला निघालात आणि जाताना म्हणता, “हिला आज जाग्यावरच चालू ठिव. रस्त्यावर न्यायची न्हाई. पान्याच्या नळीचा भरोसा न्हाई मला.” मी मान हलवतो. तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात मी ती बाहेर काढतो. घाटनांदूरच्या अलीकडं एका गावात माझं लग्नाचं बोलणं चाललेलं आहे. मुलीच्या भावाला माझं ‘मिस्तरीकाम’ पसंत नाही, हे कानावर आलं आहे. मला त्या घरावरून लाल गाडीतून जायचं आहे, एकदाच, सावकाश. मी जातो. घराचं दार बंद असतं. ओट्यावर एक शेळी बांधलेली असते, तिनं पाहिलं असेल तेवढंच. परत येताना तापमानाचा काटा वर चढायला लागतो. तो मला दिसतो. मी थांबत नाही, कारण तुम्ही यायच्या आत पोचायचं आहे. चढावर बॉनेटमधून वाफ येते. रस्त्याकडेच्या विहिरीवर मोटार चालू असते, मी बादली भरून आणतो, फडक्यानं झाकण उघडतो आणि ओततो. गार पाणी, तापलेल्या बीडात. ‘टक्’ असा आवाज येतो, बारीक, सुपारी फुटल्यासारखा. चित्र काढून चार ठोके समजावणाऱ्याला त्या आवाजाचा अर्थ कळायला हवा होता आणि कळलाच. मी बादली हातात घेऊन उभा राहिलो, ती ठेवायचंही सुचलं नाही.

निरोप पोचल्यावर तुम्ही टेम्पो घेऊन आलात. वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोट ओलं झालं. “पानी कुठलं घातलं?” “विहिरीचं.” “कदी?” “लगेच.” तुम्ही तिथल्या दगडावर बसलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही विचारलंत, “घाई कुनाची होती रे? गाडीची का तुजी?” मी टेम्पोला दोर बांधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या घरापुढं मी तुमच्यामागं उभा आहे. अंगणात दहा-पंधरा माणसं बसलेली, निवडणुकीचे दिवस होते. मालकांनी विचारलं, कुणी फोडलं. मी तोंड उघडलं होतं, उस्ताद, ही गोष्ट खरी आहे, पण शब्द यायच्या आत तुम्ही म्हणालात, “माज्याच्यानं झालं मालक. मी चालवत होतो.” मग मालक जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुमच्या कामावरून सुरू झालं आणि तुमच्या धर्मापर्यंत गेलं. बसलेल्यांपैकी काही हसले. तुम्ही खाली बघत होतात, मी पिशवीच्या बंदाची गाठ सोडत होतो आणि परत बांधत होतो. परत येताना मी कसंबसं विचारलं की असं का सांगितलं. तुम्ही वैतागलात. “माज्या दुकानात जे तुटतं ते मी तोडलं. ह्यात कावून काय इचारायचं?” एवढंच. तो माझ्यावर केलेला उपकार होता, की तुमच्या दुकानाचा नियम होता, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. नियम असेल तर बरं, असं वाटतं. उपकार असेल तर जड जातं.

नवा ब्लॉक मिळणार नव्हता. वेल्डिंग केलं तर बीड आणखी तडकतं, म्हणून तुम्ही टाके घालायला बसलात. तड्याच्या टोकाला भोक पाडायचं, आटे पाडायचे, मऊ लोखंडाचा तुकडा पिळून बसवायचा, कापायचा. मग त्याला अर्धा खाऊन शेजारी दुसरं भोक. पुन्हा आटे, पुन्हा तुकडा. दुकानातलं बाकी काम उरकून रोज दोन, फार तर तीन. तुमचं नाक लोखंडाला टेकायला आलेलं असायचं. मी दिवा धरून उभा राहायचो आणि दर वेळी ठरवायचो की आज मालकांकडं जाऊन सांगायचं. टाके संपले. गाडी त्यांनी नेली. त्यानंतर त्या घरचे ट्रॅक्टर तुमच्याकडं आले नाहीत, आणि त्यांचं बघून आणखी चार घरांचे आले नाहीत. मिस्तरीची नजर गेली, असं लोक म्हणायला लागले. पुढच्या वर्षी मी चौसाळ्याला हायवेवर माझं दुकान टाकलं. निघताना तुम्ही तुमच्या आट्यांच्या हत्यारांचा लाकडी डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “माज्याकडं आता इतकं काम न्हाई.” मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं, ते सुचलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी आलो होतो, मागं उभा राहिलो आणि माती देऊन निघून आलो. चाचींना भेटलो नाही.

तर आता प्रश्न इंजिनाचा. मी ते पाणी भरून दाबाखाली दिवसभर ठेवलं. तुमच्या टाक्यांतून थेंब नाही आला. पण बाकीचं म्हातारं झालंय. सिलेंडर झिजलेत, पाण्याच्या वाटा गंजून कागदासारख्या पातळ झाल्यात. सामान परदेशातून मागवायचं, वर्ष जाईल. एवढं करूनही उन्हाळ्यात चढावर ते तापणारच, जन्मजात खोड आहे ती. दुसरीकडं नगरच्या भंगार बाजारात मी एक व्हॅनचं इंजिन बघितलं आणि घेऊन आलो. मागच्या चाकांना ताकद देणारं, म्हणजे याच गाडीसारखं उभं बसतं, गिअरबॉक्ससकट मिळालं. हलकं आहे, दोन माणसं उचलतात. आरटीओची परवानगी काढायची, आरसीवर नवा नंबर चढवायचा, दोन नवे माउंटिंग वेल्ड करायचे, इंजिनाखालची तेलाची टाकी थोडी कापायची, वायरिंग नवं ओढायचं. दोन महिन्यांत गाडी डॉक्टरबाईंना पाहिजे तशी चालेल. कुठल्याही मिस्तरीला विचारा, तो व्हॅनचंच बसव म्हणेल. मीही दुसऱ्याला तेच सांगितलं असतं.

पण मी ते ठरवलं की लगेच मनात यायचं, का ठरवतोयस? हे इंजिन भंगारात गेलं की एक्केचाळीस टाके गेले, तडा गेला, तुझं सगळं गेलं. कुणी विचारणार नाही. मग मी उलट ठरवायचो, जुनंच करायचं, वर्ष लागो. तेव्हा वाटायचं की हे कुणासाठी करतोयस? बाईंना चालणारी गाडी पाहिजे, तुला प्रायश्चित्त पाहिजे, आणि ते तू त्यांच्या गाडीवर काढतोयस. असा महिना गेला. दोन्ही इंजिनं दोन टायरांवर शेजारी शेजारी ठेवली होती आणि मी त्यांच्याभोवती फिरायचो. बायको म्हणाली, जेवताना तरी त्या गाडीतून उतरा. हातातलं काम अर्धं टाकून मी दोनदा अंबाजोगाईला जायला निघालो आणि दोन्ही वेळा केजपासून परत आलो.

मग एका रविवारी दुपारी डॉक्टरबाई स्वतःच आल्या. जुन्या इंजिनापाशी वाकल्या आणि त्यांचं बोट बरोबर त्या रांगेवर गेलं. “हे काय हाय?” मी सांगितलं, टाके. त्या खालीच बसल्या, चष्मा वर केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. “कुणी घातले? लई साफ हायत. मी पोट शिवते, मला कळतंय.”

“तुम्ही म्हणता त्याच मिस्तरींनी.”

“फोडलंबी त्यांनीच ना?”

“न्हाई ताई,” मी म्हणालो. “ते परळीला गेलते. गाडी मी नेलती, त्यांना न सांगता. गार पाणी मी घातलं. फोडलं मी.”

त्या उठल्या नाहीत. वर केलेला चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, “बाबा त्यांना बोलले तेव्हा मी गच्चीवर होते. सगळं ऐकलंय मी. तुम्ही कुठं होता?”

“त्यांच्यामागं. पिशवी धरून.”

“आणि बोलला न्हाई.”

“न्हाई.”

त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. त्या रागावल्या होत्या, पण माझ्यावर की वडिलांवर, मला कळलं नाही. “आता बाबाबी न्हाईत, तेबी न्हाईत,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला सांगायचं हे?” मग मी म्हणालो की ताई, मी जुनं इंजिन करून देतो, वर्ष लागेल, पण त्यांचे टाके गाडीत राहतील. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला एकदम तुम्ही आठवलात.

“कावून? तुमच्या मनाला लागलंय म्हणून माझी गाडी चढावर उकळायची का? व्हॅनचंच बसवा.”

मी म्हणालो, आवाज बदलेल. जुन्या माणसांना त्या आवाजावरूनच गाडी कळायची. नव्याला तो येणार नाही.

“मला तो आवाज नकोच हाय,” त्या म्हणाल्या. “तो वेशीवर आला की आई डोक्यावर पदर घ्यायची आणि आम्ही बहिणी पुस्तकं लपवून आत पळायचो. ह्या गाडीत एकदा तरी बसू द्या म्हणाले मी, तर बाबा म्हणले पोरींच्या बसायची न्हाई ही. मला गाडी पाहिजे भाऊ. आवाज तुमच्याकडंच राहू द्या.”

महिनाभर मी ज्याला तुमची आठवण, गाडीचा जीव वगैरे म्हणत होतो, ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पाय वाजू न देता चालण्याचं कारण होतं. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी माउंटिंगचं पत्र्यावर माप काढलं. काम चांगलं झालं, उस्ताद. पुढचा भाग हलका झाल्यामुळं स्प्रिंगा बदलाव्या लागल्या, रेडिएटरला विजेचा पंखा लावला, तेलाची टाकी मी स्वतः कापून जोडली. संक्रांतीच्या तोंडावर परवानगीचा कागद आला. डॉक्टरबाईंनी गाडी स्वतः बाहेर काढली, मला शेजारी बसवलं आणि हायवेवर अशी पळवली की मी दाराची कड घट्ट धरून होतो. त्या हसत होत्या. कपाळावरचे केस उडत होते आणि त्या मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होत्या, वाऱ्यात मला एक शब्द कळला नाही. काटा मध्यावरून हलला नाही.

त्यानंतर त्यांनी ती हकीकत सगळीकडं सांगितली. दवाखान्यात, घाटनांदूरच्या नातेवाइकांत, भावांसमोरसुद्धा. ज्यांनी तुमच्याकडं ट्रॅक्टर पाठवणं बंद केलं होतं त्यांच्यातल्या एकाचा मुलगा परवा माझ्याकडं आला आणि म्हणाला, “त्या मिस्तरीचं लई नवल वाटलं राव.” अंबाजोगाईत तुमचं नाव आता चांगलं घेतात. चाची असत्या तर त्यांना कळलं असतं. मला यातून मोकळं वाटायला हवं होतं. मी अजूनही नट दोनदा आवळतो.

कारण त्या सांगतात ती हकीकत अशी आहे, की एका कोवळ्या पोराला वाचवण्यासाठी म्हाताऱ्या मिस्तरीनं आळ स्वतःवर घेतला. लोक ऐकून म्हणतात, पोरच ते, भ्यालं असणार. डॉक्टरबाईंनी त्या दुपारी विचारलेल्या गोष्टींपैकी एक होती माझं तेव्हाचं वय. मी एकोणीस म्हणालो. ठरवून नाही, निघून गेलं तोंडातून. आणि त्यांचा चेहरा जरा निवळला तेव्हा मी ते तसंच राहू दिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पोस्टात टाकलं नसतं. दुसऱ्या कुणाला वाचायला देण्यासारखं हे नाही. परवा बाई पहिलं तेल बदलायला येणार आहेत. त्यांना सांगेन, असं इथं लिहून ठेवत नाही. लिहिलं की सांगितल्यासारखं वाटतं आणि मग राहून जातं. मी सव्वीस वर्षांचा होतो, उस्ताद. तुम्हाला माहीतच आहे.